एक्केचाळीस प्रश्न आणि एकोणीस खोकी

भाड्याचं घर घ्यायचं असेल तर आधी प्रतिभा गांगुर्डेला दाखवावं, असं तिच्या कॉलेजच्या ऑफिसात सगळे म्हणत. हे म्हणायला मुळात प्रतिभानंच सुरुवात केली होती, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं आणि तीही आठवण करून देत नसे.

तिच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. पहिल्या चार पानांवर घराविषयी विचारायचे एक्केचाळीस प्रश्न, आणि पुढच्या पानांवर आजवर तपासलेल्या घरांची उत्तरं. पर्समध्ये तिच्या मुलीच्या, चैतालीच्या, लहानपणची एक काचेची गोटी असे. नव्या घराच्या स्वयंपाकघरात शिरलं की ती फरशीवर गोटी सोडी. गोटी मोरीकडे गेली तर ठीक, देव्हाऱ्याकडे गेली तर सांडलेलं पाणीही तिकडंच जाणार. बादली किती मिनिटांत भरते ते ती मोबाइलवर बघे. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करी, माळ्यावर डोकं घालून उंदरांचा वास घेई, घरपट्टीची पावती आणि लाइटबिल एकाच नावावर आहे का ते ताडून बघे. पाण्याचं मात्र ती मालकाला कधीच विचारत नसे. मालक टाकीविषयी बोलतो आणि आपल्याला नळाविषयी हवं असतं, म्हणून तो प्रश्न शेजारच्या बाईला. सतरावा प्रश्न तिचा विशेष लाडका: ‘न सांगता दुसऱ्यांदा जाऊन बघितलं का?’ आणि एक्केचाळिसावा: ‘पुढल्या वर्षी भाडं किती?’ हा विचारला की बहुतेक मालक पंख्याकडे बघत.

या वहीच्या जोरावर तिनं अकरा कुटुंबांना घरं मिळवून दिली होती. तिच्या शेजारच्या टेबलावरची मोहिनी सहा वर्षं एकाच घरात राहत होती. तिनं गॅलरीत कढीपत्ता लावला होता आणि तो आता तिच्या खांद्याला लागत होता. प्रतिभानं स्वतः मात्र चौदा वर्षांत नऊ घरं बदलली होती. “लोका सांगे ब्रह्मज्ञान,” एवढं म्हणून संतोष, म्हणजे तिचा नवरा, थांबे. उरलेली अर्धी म्हण तो अंबडच्या कंपनीत जाऊन मित्रांना ऐकवत असावा.

तिची बाजू अगदी साधी होती. अकरा महिन्यांचा करार एकदा-दोनदा संपला की मालक दहा टक्के वाढ मागे, आणि दहा टक्के द्यायचे नाहीत हे तिचं तत्त्व होतं. कायद्यानं जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्क्यांवर वाढ लावता येत नाही, हे तिनं वाचून पाठ केलं होतं. अकरा महिन्यांवाल्याला तो कायदा विचारत नाही, हेही त्याच पानावर होतं, पण ते तिनं जरा घाईत वाचलं. तत्त्व सांभाळता सांभाळता टेम्पोवाल्याला दिलेले पैसे वाढीव भाड्याहून जास्त झाले होते. तो हिशेब तिला येत होता, म्हणून तर ती तो करत नसे.

या वर्षी मात्र तत्त्वाचा प्रश्न उरला नाही. फाल्गुनात त्यांच्या हिरावाडीतल्या घराचे मालक वर आले, खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले. मालक चहा नको म्हणाले की खोली जाते, हे प्रतिभाला नऊ घरांच्या अनुभवानं कळत होतं.

“मॅडम, करार मेअखेर संपतोय. यंदा रिन्यू नाही करत,” ते म्हणाले. “सिंहस्थ आला. यात्रेकरूंना रोजावर द्यायचं म्हणतोय.”

“पण जूनपासून चैतालीची दहावी आहे हो.”

“ते खरंय. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, मॅडम. भाडेकरू काय, दर अकरा महिन्यांनी.”

चैताली आतून ऐकत होती. मालक गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, “आई, मला यंदा काहीच नको. क्लास नको, नवीन मोबाइल नको. फक्त दहावी एका घरात होऊ दे.”

प्रतिभानं शब्द दिला. शब्द द्यायला तिला कधीच वेळ लागत नसे. दुसऱ्या दिवशीपासून ती वही घेऊन निघाली आणि महिनाभर पंचवटी, म्हसरूळ, आडगाव नाका, पेठ रोड असं सगळं पालथं घातलं. ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या त्याला एकदम गंगेची ओढ लागली होती. कोणी म्हणे कुंभमेळ्यानंतर बघू, कोणी म्हणे देतो, पण पुढच्या जुलैत दोन महिने रिकामं करून द्यायचं. एकानं भाडं असं सांगितलं की प्रतिभानं वही न उघडता मिटली. ती आधीच मिटलेली होती, हे तिला जिना उतरल्यावर लक्षात आलं.

शेवटी पत्ता मोहिनीनं दिला. मखमलाबाद रोडला कुसाबाई म्हणून एक म्हातारी आहे, फुलांचा मळा होता त्यांचा, आता त्या जागी खोल्या काढल्यात. ती भाडं वाढवतच नाही म्हणतात.

“वाढवतच नाही म्हणजे?” प्रतिभानं विचारलं. “काहीतरी भानगड असणार. ओल असेल.”

ओल होती. रविवारी सकाळी ती गेली तेव्हा कुसाबाई ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मागच्या बाजूला जेमतेम दहा वाफे उरले होते आणि त्यांच्या तिन्ही अंगांनी इमारती उभ्या होत्या. बाईंनी किल्ली दिली आणि त्या मागोमाग जिना चढून आल्या. प्रतिभानं गोटी सोडली. गोटी मोरीकडे गेली नाही आणि भिंतीकडेही नाही, घरंगळत उंबऱ्याशी आली आणि कुसाबाईंच्या पायापाशी थांबली. त्यांनी ती उचलली, पदराला पुसून परत दिली.

भाव पाडायचा तर आधी खोड काढावी, ही प्रतिभाची जुनी सवय. ती म्हणाली, “मावशी, या भिंतीला ओल आहे.”

“हाय,” कुसाबाई म्हणाल्या.

“नळाची धारपण बारीक आहे.”

“बारीकच हाय.”

“दुपारी ऊन थेट आत येत असेल.”

“येतं ना. पापड वाळत्यात.”

इतक्या वर्षांत असा मालक तिला भेटला नव्हता. खोड मान्य केल्यावर पुढं काय बोलायचं हे वहीत कुठंच नव्हतं. मग तिनं एक्केचाळिसावा प्रश्न विचारला. कुसाबाईंनी पंख्याकडे बघितलं नाही. पंखा नव्हताच.

“माझ्याकडं आखाजी ते आखाजी चालतं,” त्या म्हणाल्या. “मळा होता तवा सालदार गड्याशी आखाजीला बोलणं व्हायचं. एकदा ठरलं की मधी कोणी शब्द फिरवत नव्हतं. आता मळा गेला, खोल्या आल्या. ज्या भाड्यात माणूस येतो त्याच भाड्यात राहतो, तो उठेस्तोवर. वाढवायचं नाय, कमी करायचं नाय. रोज नवं तोंड बघायचं वय नाय माझं.”

“आणि सिंहस्थात?”

“सिंहस्थ गंगेवर असतो, बाई. माझ्या जिन्यावर नाय.”

प्रतिभाला त्या भिंतीची ओल एकदम आवडायला लागली. भाडं तिच्या बेतात होतं, चैतालीची शाळा पायी वीस मिनिटांवर होती, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली होती. “मग मी घेते, मावशी,” ती म्हणाली.

“थांब की,” कुसाबाई म्हणाल्या. “तुझं बघून झालं. आता मी येते तुझं घर बघाया.”

“माझं कशाला? ते तर मी सोडतेय.”

“तू गोटी सोडून बघितलंस ना? सोयरीक असते ही. दोन्हीकडून बघत्यात.”

कधी येणार, ते त्यांनी सांगितलं नाही. हिरावाडीला परत येताना प्रतिभाच्या लक्षात आलं, की हा तिचाच, न सांगता जाऊन बघायचा, सतरावा प्रश्न आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं स्वतःशी म्हणून ती हसली, कारण तपासणीत नापास होण्याची तिला भीती नव्हती. तिच्याइतका चांगला भाडेकरू नाशिक जिल्ह्यात नसेल याची तिला खात्री होती.

पुढचे पाच दिवस घरात मुलगी बघायला पाहुणे यायचे असावेत तशी धांदल. फरशी दोनदा पुसली जाई. संतोषला पेपर वाचायला मनाई झाली, कारण तो पानं सुटी करतो. चैतालीची पुस्तकं पलंगाखाली गेली. सहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, कुसाबाई पिशवीत मेथीची जुडी घेऊन आल्या आणि दारात चप्पल काढून सरळ आत शिरल्या.

प्रतिभानं आपले गुण सांगायला सुरुवात केली. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला. रात्री दहानंतर टीव्ही बंद. “आणि मावशी, नऊ घरं झाली, पण भिंतीला हात लावत नाही आम्ही. एका घरात यांनी एकच खिळा मारला होता. निघताना मी त्या भोकात टूथपेस्ट भरली, मालकाला पत्तासुद्धा लागला नाही. डिपॉझिट सगळं परत.”

संतोषनं मान खाली घातली. तो खिळा त्याच्या वडिलांच्या फोटोसाठी होता. फोटो तेव्हापासून कपाटात, स्वेटरांच्या खाली होता.

“आणि हे बघा,” म्हणून प्रतिभानं माळ्याचा पडदा बाजूला केला. तिथं एकोणीस खोकी ओळीनं रचलेली होती. टीव्हीचं, मिक्सरचं, कुकरचं, काचेच्या कपांचं, सगळी थर्माकोलसकट, आणि प्रत्येकावर स्केचपेननं आकडा. “नंबरप्रमाणे भरायचं. साडेतीन तासांत घर हलतं. टेम्पोवाला म्हणतो, वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही.”

कुसाबाईंनी खोकी बोटानं मोजली. मग त्यांनी चैतालीला विचारलं, “पोरी, तुझी अभ्यासाची जागा कुढं?”

“कुठल्या घरातली?” चैतालीनं विचारलं.

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. तेवढ्यात संतोषनं पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि हँडलला अडकवलेलं कॅलेंडर नेहमीप्रमाणे खाली पडलं. तिघांपैकी कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. चैतालीनं न बघताच वाकून ते उचललं आणि परत अडकवलं.

कुसाबाईंनी चहा घेतला. निघताना दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “घर लय चांगलं ठेवलंस. पण खोली नाय देता यायची.”

“का?” प्रतिभाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “काय कमी पडलं, मावशी?”

“कमी काय नाय. मी भाडं बांधून देते ते राहणाऱ्याला. तू थांबाया येणार. तुझं अर्धं सामान आताच टेम्पोत बसलंय. तुला उद्या दुसऱ्यानं शंभर रुपये कमी सांगितलं की तू साडेतीन तासांत जाशील.” त्यांनी मेथीची जुडी काढून प्रतिभाच्या हातात दिली. “भाजी खा. आखाजीपर्यंत कोणी आलं नाय तर बघू, पण वाट बघू नको.”

त्या गेल्यावर प्रतिभा आधी चिडली. मग वही उघडून कुसाबाईंच्या खोलीपुढं ‘ओल, धार कमी, ऊन’ असं लिहायला बसली. अक्षर नीट येईना. अकरा घरांना पास करणारी बाई पहिल्याच तपासणीत नापास झाली होती, आणि तीसुद्धा स्वतःच उत्साहानं माळ्याचा पडदा बाजूला सारून. मोहिनीला काय सांगायचं, याचाच ती आधी विचार करत होती, इतकी तिला अजून अक्कल आलेली नव्हती.

संध्याकाळी जेवताना चैताली म्हणाली, “आई, मी लासलगावला जाते. मावशीकडे. दहावी तिथंच करते.”

“वेडी आहेस का? मार्केट यार्डाच्या तोंडावर घर आहे तिचं. दिवसभर ट्रॅक्टर.”

“असू दे. ते रोजचेच असतात ना, सवय होते. तुम्ही शोधत बसा, मी तोवर शिकते.” तिनं मेथीच्या भाजीतला लसूण बाजूला काढला, तिला तो आवडत नसे. “मावशीला फोन केलाय मी. ती म्हणाली, खिडकीजवळ टेबल लावून देते.”

तिच्या बोलण्यात राग असता तर प्रतिभाला बरं वाटलं असतं. रागाला तिच्याजवळ उत्तरं होती. पोरीनं शांतपणे स्वतःसाठी घर शोधलं होतं, एक फोन करून, एकही प्रश्न न विचारता. प्रतिभाला खूप लाज वाटली. ताटावरून उठून ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बादली किती मिनिटांत भरते हे तिला त्या दिवशी कळलं नाही.

सोमवारी कॉलेजला कसलीच सुटी नव्हती, तरी तिनं रजा टाकली. गल्लीत भंगारवाला ओरडत आला तसं तिनं त्याला वर बोलावलं. त्यानं खोकी पायानं चेपून सपाट केली आणि सुतळीनं बांधली. थर्माकोल तो घ्यायला तयार नव्हता, तो तिनं घंटागाडीत टाकला. टीव्हीचं खोकं चेपलं गेलं तेव्हा तिच्या तोंडून “हळू” असं निघालं, आणि भंगारवाल्यानं तिच्याकडे बघितलं. माळा रिकामा झाल्यावर तिथं एक खिडकी आहे हे तिला कळलं. दहा महिने ती खिडकी त्या घरात होती, उंदरांचा वास घेतानाही ती तिच्या नजरेला पडली नव्हती, आणि वहीत तिची नोंद नव्हती.

मग ती रिक्षा करून मखमलाबाद रोडला गेली. रस्ताभर तिनं एक चांगलं भाषण तयार केलं, त्यात चैतालीची दहावी होती, संतोषच्या वडिलांचा फोटो होता, थोडं रडणंही योजलं होतं. कुसाबाई वाफ्यात वाकून मेथी उपटत होत्या. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर भाषण गेलं कुठल्या कुठं.

“खोकी विकली, मावशी,” ती म्हणाली.

“सगळी?”

“सगळी.”

कुसाबाई जुडी झटकून माती काढत होत्या. तेच प्रतिभाला सहन होईना.

“मिक्सरचं ठेवलंय,” ती म्हणाली. “त्याची गॅरंटी आहे अजून. खोकं नसलं तर ते लोक घेत नाहीत परत.”

कुसाबाईंनी कंबर सरळ केली आणि त्या हसल्या. चांगलं खळखळून, पुढचे दोन दात नसलेलं हसू. “मिक्सरचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण मी आता नाय म्हणाले तर? सामान कशात नेशील?”

“माहीत नाही,” प्रतिभा म्हणाली. हे खरं होतं. घराच्या बाबतीत ‘माहीत नाही’ असं तिनं चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हणताना तिला रडू आलं. योजलेलं रडणं याहून खूप देखणं होतं.

कुसाबाईंनी मातीचा हात लुगड्याला पुसला आणि कनवटीची किल्ली काढली. “कागद करायचा असंल तर तुझ्या समाधानासाठी कर. तीन वर्षांचा कर, नायतर पाच. मी अंगठा देते. ओल मात्र जायची नाय, ती आधीच सांगितलेली हाय.”

आखाजीच्या दिवशी घर हललं. साडेतीन तास लागले ते नुसत्या स्वयंपाकघराला. भांडी साड्यांत बांधली, स्वेटर सोडून बाकीचे कपडे चादरींच्या गाठोड्यांत; लासलगावला जायचं चैतालीनं रद्द केलं होतं, तिची पुस्तकं कुसाबाईंच्या भाजीच्या क्रेटांत. काचेचे दोन कप फुटले आणि कुकरची शिट्टी दोन दिवसांनी संतोषच्या बुटात सापडली. टेम्पोवाला म्हणाला, “वहिनी, यंदा काय झालं तुम्हाला?” खाली ओट्यावर कुसाबाईंनी सणाची, पितरांच्या नावाची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवलं होतं, आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला त्या आंबा खाऊन जा म्हणत होत्या.

दुपारी जरा बूड टेकल्यावर चैतालीनं हातोडी मागितली. ती खिडकीशेजारच्या भिंतीपाशी उभी होती आणि तिच्या एका हातात कॅलेंडर होतं.

“अगं, मालकांना विचा…” प्रतिभाच्या तोंडून निम्मं निघून गेलं.

पहिला खिळा वाकला. दुसरा उडून पलंगाखाली गेला. तिसऱ्याला रुपयाएवढा गिलावा सुटून खाली पडला आणि भिंतीला चांगलंच भोक पडलं. चैताली घाबरून आईकडे बघायला लागली. संतोष उठला, मोरीत गेला आणि टूथपेस्ट घेऊन आला. नऊ घरांची सवय त्याच्याही हाताला होती.

प्रतिभानं त्याच्या हातातून टूथपेस्ट घेतली आणि झाकण घट्ट लावलं. “ठेवा ती जागेवर,” ती म्हणाली, “उद्या दात घासायला लागेल.” मग तिनं चैतालीला चौथा खिळा दिला आणि कपाट उघडून स्वेटरांच्या खाली हात घातला.